अण्णांनी फोडलेलं पाकीट

वासुदेवअण्णांची पंच्याहत्तरी तिथीनं करायची की तारखेनं, यावर दोन महिने फोनाफोनी चालली आणि शेवटी तिथी जिंकली. कारण सुजाताशी वाद घालून जिंकणारा माणूस अजून खांबेट्यांच्या घराण्यात जन्माला यायचा होता. तिथी आली नेमकी गुरुवारी. शुक्रवारी अर्धा दिवस का होईना, ऑफिस असतं, हे चारुदत्तानं बहिणीला परोपरीनं सांगून पाहिलं. "दादा, वडील पंच्याहत्तर वर्षांचे एकदाच होतात, ऑफिस दर आठवड्याला असतं," असं म्हणून तिनं फोन ठेवला. खलास, विषय संपला.

तर गुरुवारी संध्याकाळी दुबईत, अल बर्शातल्या चारुदत्ताच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पंच्याहत्तर दिवे लागले. दिवे बॅटरीचे. सुजातानं शारजाहून येताना स्वतः वळलेल्या वाती आणि तुपाचा डबा आणला होता, पण अनुपमानं छताकडे बोट दाखवलं.

"हा स्मोक डिटेक्टर बघितलास ना? पंच्याहत्तर निरांजनं लावलीस तर औक्षण होईल अण्णांचं आणि भोंगा वाजेल अख्ख्या बिल्डिंगचा."

वहिनीचं म्हणणं पटलं, पण पटल्याचं सुजातानं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. दोन खरी निरांजनं तबकात ठेवायची आणि बाकीचे दिवे करामाच्या बाजारातून आणलेले प्लास्टिकचे, अशी तडजोड झाली.

अण्णांना गुडघ्यांमुळे पाट झेपत नव्हता, म्हणून खुर्चीवरच त्यांना ओवाळलं. अंगात पांढराशुभ्र झब्बा, कपाळावर कुंकू, आणि चेहऱ्यावर सकाळपासून एक लबाड हसू. टीव्हीच्या मागे त्यांनी ब्राउन पेपरात गुंडाळलेलं काहीतरी लपवून ठेवलं होतं आणि पाच-पाच मिनिटांनी ते जाग्यावर आहे ना, हे बघत होते. चारुदत्ताला ते दिसत होतं. पण त्याच्या डोक्यात आज वेगळंच चालू होतं.

"दादा, आईंचा फोटो किती वर्षं असा शोकेसला टेकवून ठेवणार?" सुजाताचा नवरा सदानंद प्लेट हातात घेऊन फिरत होता. शारजाच्या औद्योगिक भागात त्याचं गॅरेज होतं आणि कुठलीही वस्तू बघितली की ती दुरुस्त करायला त्याचे हात शिवशिवायचे. "बघा ना, हार सारखा घसरतोय. मी ड्रिल घेऊन येतो, दो मिनिट का काम."

"भाड्याच्या भिंतीला भोक पाडायचं नाही," चारुदत्त म्हणाला. "सोडताना डिपॉझिट कापतात."

हे वाक्य अनुपमाला तोंडपाठ होतं. लग्न होऊन ती दुबईत आली तेव्हापासून तीन घरं झाली होती आणि तिन्ही घरांत एकही फोटो भिंतीवर चढला नव्हता. कॅलेंडर फ्रिजवर, आरसा कपाटाला टेकवलेला, देव टेबलावर. तिनं नवऱ्याकडे नुसतं बघितलं आणि ती पुऱ्या तळायला आत गेली.

आज त्या दोघांत तसाही अबोलाच होता. कारण त्यांची सतरा वर्षांची लेक, शुभ्रा.

शुभ्रा अमेरिकन पद्धतीच्या शाळेत बारावीला होती आणि गेली दोन वर्षं शाळेत बसूनच कॉलेजचे विषय करत होती. तिच्या शाळेचा रास अल खैमातल्या एका कॉलेजशी तसा करार होता. शिकवणी शाळेत, परीक्षा मात्र कॉलेजात जाऊन द्यायची. पास झालं की त्या विषयाची क्रेडिट्स खात्यावर जमा. पुढे पदवीला तो विषय पुन्हा करायचा नाही. असे पाच विषय तिनं पार केले होते. दर परीक्षेला तिच्याबरोबर अण्णा जायचे. रास अल खैमाच्या सिमेंट फॅक्टरीत त्यांचा उभा जन्म गेला होता, त्यामुळे तिकडे जायचं म्हटलं की म्हाताऱ्याच्या अंगात जोर यायचा. आत नात पेपर लिहायची आणि बाहेर बाकावर हे तिचा डबा मांडीवर घेऊन बसायचे.

चारुदत्तानं या भानगडीकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. पोरगी अभ्यास करतेय, करू दे. पण दोन महिन्यांपूर्वी शुभ्रानं जाहीर केलं, की शारजातलं एक विद्यापीठ तिचे पाचही विषय धरायला तयार आहे. तिथं तिला पहिलं सेमिस्टर करावंच लागणार नाही. फक्त कॉलेजचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, शुक्रवारी दुपारपर्यंत पोचलं पाहिजे. शुक्रवारनंतर ईदची सुट्टी, आणि जागा यादीतल्या पुढच्या मुलाला.

तेव्हा चारुदत्त जागा झाला. खांबेट्यांकडे बारावी झाली की पुणे, हा कायदा होता. तो स्वतः सतराव्या वर्षी पुण्याला गेला होता. सुजाता गेली होती. सुजाताचा तन्मय आता तिथंच दुसऱ्या वर्षाला होता. पुण्याच्या एका कॉलेजात शुभ्राचं नावही चारुदत्तानं घालून ठेवलं होतं. घरात जुंपली, आणि शेवटी अण्णांचा वाढदिवस होईपर्यंत विषय काढायचा नाही असं ठरलं. मंगळवारी कॉलेजचं सीलबंद पाकीट आलं. अनुपमानं ते देवापुढे ठेवलं आणि म्हणाली, "उद्या-परवा देऊन तर टाकू, मग काय ते ठरवू."

जेवणं उरकली. श्रीखंडाचं भांडं रिकामं झालं आणि अण्णांनी चमच्यानं ग्लास वाजवला.

"ऐका रे सगळे. वाढदिवस माझा, पण प्रेझेंट माझ्या नातीला. शुभ्रे, इकडे ये बघू."

टीव्हीच्या मागून ब्राउन पेपर बाहेर आला. शुभ्रानं हसत-हसत तो फाडला आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

आत तिचं ट्रान्सक्रिप्ट होतं. जाड, चकचकीत प्लास्टिकमध्ये चारी बाजूंनी घट्ट लॅमिनेट केलेलं. वर उजव्या कोपऱ्यात कुंकवाचं लहानसं स्वस्तिक, आणि तेही प्लास्टिकच्या आत, म्हणजे आता जन्मात पुसलं जायचं नाही.

"आजोबा," शुभ्राचा आवाज बारीक झाला, "यू ओपन्ड इट?"

"मग! एवढे मार्क काय पाकिटात कोंबून ठेवायचे? देवापुढून उचललं, खाली टायपिंग सेंटरमध्ये गेलो, उभा राहून करून घेतलं. बुडबुडा एक नाही बघ."

"त्याच्यावर लिहिलं होतं, डू नॉट ओपन."

"ते परक्यांसाठी गं. घरच्या माणसानं उघडायला काय झालं?"

अण्णा एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागले. मग अनुपमा त्यांच्या खुर्चीजवळ बसली आणि हळू आवाजात तिनं समजावलं. पाकिटाच्या तोंडावर कॉलेजचा शिक्का असतो. तो विद्यापीठातच फोडायचा असतो. मधे कुणीही उघडलं, मग तो आजोबा का असेना, की आतला कागद बाद.

"बाद म्हणजे?" अण्णा म्हणाले. "मार्क तर तेच आहेत की!"

"हो अण्णा. पण ते घेणार नाहीत."

अण्णांनी लॅमिनेशन मांडीवर घेतलं आणि ते सोलून निघतंय का, हे नखानं बघायला लागले. निघणार कसलं! त्यांनीच पैसे देऊन चांगलं जाड करून घेतलं होतं.

खोटं कशाला सांगा, चारुदत्ताला पहिल्यांदा वाटलं ते सुटल्यासारखंच. आपण वाईट व्हायला नको, भांडण नको, परस्पर निकाल लागला. मग त्यानं वडलांचे हात बघितले आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण तोंडातून शब्द गेलेच.

"जाऊ दे आता. देवाच्याच मनात पुणं असेल."

"देवाला मधे आणू नकोस, चारू!" अनुपमा ताडकन उठली. "देवानं काही लॅमिनेशन केलं नाही. तुला हवं ते झालं म्हणून तू खूश आहेस, ते सरळ बोल."

"मी खूश आहे? मला काय पोरगी लांब पाठवायची हौस आहे?"

"वहिनी, दादाचं चुकत नाही," सुजाता म्हणाली. "पुण्यात आपली माणसं आहेत, आपला फ्लॅट आहे. आम्ही गेलो, तन्मय गेला. काय वाईट झालं आमचं?"

"पुण्यात माझा एकही विषय घेत नाहीत, आत्या," शुभ्रा म्हणाली. "बाबांनी नाव घातलंय त्या कॉलेजला मी फोन केला होता. दे सेड, स्टार्ट फ्रॉम झीरो."

"मग करायचं पुन्हा. दोन वर्षांत काय विसरायला झालं? उलट सोपं जाईल," चारुदत्त म्हणाला. "आम्ही नाही पहिल्यापासून केलं? मी सतरा वर्षांचा होतो. अण्णांनी मला विमानात बसवलं आणि सांगितलं, मुलगा घराबाहेर पडल्याशिवाय माणूस होत नाही. झालो ना माणूस?"

अण्णा लॅमिनेशनकडेच बघत होते. मान वर न करता ते म्हणाले, "चारू, तेव्हा इथं होतं काय दुसरं? आपल्या ऐपतीचं कॉलेज नव्हतं. असतं तर मी तुला कशाला पाठवला असता?"

"पण तुम्ही म्हणाला होतात..."

"अरे, विमानतळावर काहीतरी म्हणावं लागतं ना."

इतकी वर्षं ते वाक्य चारुदत्तानं उराशी धरलं होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी, लग्नात, शुभ्रा झाली तेव्हाही ते त्याला आठवलं होतं. आणि ते निघालं रडू दाबायला कसंबसं म्हटलेलं.

सुजातानं पदर डोळ्यांना लावला. ती एवढ्यावर रडेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"काय झालं गं?" सदानंद घाबरला.

"तन्मयचा फोन आला होता मागच्या आठवड्यात. म्हणाला, आई, सुट्टीत मी तुमच्याकडे कधी येऊ? तुमच्याकडे! आपल्या घरी नाही म्हणाला, दादा. दोन वर्षांत पोराच्या तोंडातून घर गेलं." तिनं नाक पुसलं आणि वळून भावावरच तोफ डागली. "आणि तू काय देवाचं नाव घेतोस? पोरगी इथं राहू शकतेय तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

"पोटात दुखत नाही, पोटात गोळा येतो!" चारुदत्ताचा आवाज चढला. "हेमचंद्रचं काय झालं, माहितीय ना तुला? माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. जानेवारीत कंपनीनं हातात कागद दिला, व्हिसा कॅन्सल, घरातलं सामान विकून-वाटून कुटुंब परत. त्याचा रुहान दहावीत, वर्षाच्या मधोमध. तिकडे बोर्ड वेगळं, कुणी घेईना, पोराचं अख्खं वर्ष पाण्यात. उद्या माझ्या हातात तसा कागद पडला तर? अर्धी डिग्री घेऊन ही कुठे जाणार? पुण्यात निदान तिला जा म्हणणारं कुणी नाही."

हे त्यानं यापूर्वी कधी इतकं उघड म्हटलं नव्हतं. अनुपमा त्याच्याकडे बघत राहिली. तिचा राग एकदम खाली बसला.

बोलली शुभ्रा. एरवी तिला मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत यायचं. आज ती सावकाश, शब्द शोधत, पण मराठीत बोलली.

"बाबा, रुहान माझ्या स्कूल बसमध्ये होता. दहावीतून गेला तेव्हा रडत होता, आणि त्याच्या आधी आदित्य गेला, आणि त्याच्या आधी ती केया. दरवर्षी कुणीतरी जातंच ना? आणि तुम्ही मी लहान असल्यापासून सांगता, कधीही जावं लागेल. म्हणून सायकल मोठी घ्यायची नाही, मांजर पाळायचं नाही. मग मी काय करणार? मी असं काहीतरी शोधलं, जे आपल्याबरोबर येतं."

"म्हणजे?"

"हे विषय माझे झाले. ते कुणी काढून घेऊ शकत नाही. उद्या आपल्याला जावं लागलं, तर अर्धी डिग्री अर्धीच राहते, वाया नाही जात. दुसऱ्या देशात, दुसऱ्या युनिव्हर्सिटीत तिथून पुढे. सगळे विषय नाही घेतले तरी बरेचसे घेतात. तुम्हाला भीती वाटते म्हणूनच मी हे केलं, बाबा. तुमच्या विरुद्ध नाही केलं."

चारुदत्त खुर्चीत बसला. त्यानं अण्णांच्या मांडीवरून ते लॅमिनेशन उचललं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा लेकीनं काय केलंय ते वाचलं. कॅल्क्युलस. स्टॅटिस्टिक्स. इंग्लिश लेखन. अर्थशास्त्र. भूशास्त्र. पाचांच्या पाचांपुढे ए. सगळ्यात वर ठळक अक्षरात नाव होतं, शुभ्रा चारुदत्त खांबेटे. आपलंही नाव या कागदावर आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं कुणाला विचारलंही नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवले नाहीत.

"कॉलेजचं ऑफिस सकाळी किती वाजता उघडतं?" त्यानं विचारलं.

"आठला," शुभ्रा म्हणाली. "पण बाबा, तुमचं ऑफिस..."

"ऑफिस दर आठवड्याला असतं," सुजाता म्हणाली.

"मीपण येणार," अण्णा म्हणाले. "फोडलं मी, तर तोंड दाखवायलाही मीच हवा."

शुक्रवारी उजाडताच तिघं निघाले. शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना वाळू आली, आणि तासाभरानं रास अल खैमाचे करडे डोंगर दिसायला लागले. हे डोंगर दिसले की अण्णांच्या गप्पांना ऊत यायचा. कुठली खाण, कुठली भट्टी, कुठला फोरमन. आज मात्र ते मागच्या सीटवर लॅमिनेशन पोटाशी धरून गप्प बसले होते.

कॉलेजच्या खिडकीत हारुन नावाचा हैदराबादी तरुण होता. अण्णांनी कुणाला बोलू न देता ते लॅमिनेशन पुढे केलं.

"भाईसाब, ये मैंने किया. बच्ची की कोई गलती नहीं."

हारुननं ते हातात घेतलं, उजेडात धरलं, उलटसुलट केलं. कुंकवाचं स्वस्तिक बघून त्याला हसू आवरेना.

"अंकल, आप तो बाहर बेंच पे बैठते थे ना, टिफिन लेके? ये बहुत अच्छा बना है. पर ये अब दीवार का हो गया." तो शुभ्राकडे वळला. "नया मिलेगा, आज हो जाएगा. पर अठारह से नीचे हैं ना आप? गार्डियन की साइन लगेगी. कहाँ भेजना है, उस जगह युनिवर्सिटी का नाम लिखिए."

फॉर्म चारुदत्तापुढे आला. मोजून दोन रकाने. त्यानं पेन हातात घेतलं. शुभ्रा शेजारी होती, पण तिनं घाई केली नाही. विमानतळावरचे अण्णा त्याच्या डोळ्यांपुढे आले, तरुण, काळ्या मिशांचे, त्याच्याकडे पाठ करून भराभर चालत गेलेले. तेव्हा त्याला वाटलं होतं की अण्णांना घाई आहे. त्यानं पहिल्या रकान्यात शारजाच्या विद्यापीठाचं नाव लिहिलं आणि दुसऱ्यात सही केली.

हारुननं नवा कागद पाकिटात घातला, तोंड चिकटवलं, त्यावर अर्धा-अर्धा येईल असा शिक्का मारला आणि पाकीट खिडकीतून बाहेर सरकवलं. अण्णांनी लगेच दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि ते दोन पावलं मागे सरले.

गाडीत बसल्यावर शुभ्रानं पाकीट त्यांच्याच मांडीवर ठेवलं.

"मी? नको गं बाई!"

"तुम्हीच धरायचं, आजोबा. परीक्षेला डबा तुम्हीच धरायचात ना? फक्त उघडायचं नाही."

अण्णांनी पाकीट दोन्ही हातांनी कडांना धरलं. शारजा येईपर्यंत त्यांनी ते खाली ठेवलं नाही. वाटेत एकदाच, अगदी हळू, त्यांनी विचारलं, "बाहेरून नुसतं एक बोट कुंकू लावलं तर चालेल का रे?"

"अण्णा!" चारुदत्त ओरडला, आणि मग त्यालाच इतकं हसू आलं की डावी लेन सोडून त्याला उजवीकडे यावं लागलं.

विद्यापीठाच्या बाईंनी खिडकी बंद व्हायच्या आत शिक्का तपासला, पाकीट स्वतः फोडलं, आणि कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करून म्हणाल्या, "मबरूक." म्हणजे अभिनंदन. जागा पक्की. पाचही विषय धरले. शुभ्रानं तिथंच आजोबांना मिठी मारली, आणि मग वळून बापाला.

ऑफिसला चारुदत्त त्या दिवशी गेलाच नाही. घरी येऊन पाणी प्यायला आणि त्यानं सदानंदला फोन लावला.

"ड्रिल आहे ना तुझ्याकडे? येतोस घेऊन?"

"यल्ला, निघालोच!" सदानंदनं कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित चारुदत्ताचा विचार बदलला असता.

अनुपमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अरे, आणि डिपॉझिट?"

"कापू दे काय कापायचं ते."

ती फडकं घेऊन आली आणि सासूबाईंच्या फोटोची काच पुसायला लागली.

दोन भोकं पडली. एकात आईंचा फोटो चढला आणि हार पहिल्यांदाच सरळ लोंबला. दुसऱ्यात शुभ्राचं लॅमिनेशन, स्वस्तिकासकट. चारुदत्त स्टुलावरून विचारत होता, "आता? बरोबर?" आणि अनुपमा लांबून सांगत होती, "डावीकडे जरा. अजून. हां, तिथंच." शुभ्रा खाली सांडलेला चुना गोळा करत होती.

अण्णा खुर्चीत बसून बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. आयुष्यभर सिमेंटमध्ये काढलेला माणूस. त्यांना राहवलं नाही.

"चारू," ते म्हणाले, "घर सोडताना ही भोकं बुजवावी लागतील हो."

चारुदत्त स्टुलावरून खाली उतरला आणि त्यानं हात झटकले.

"बुजवू ना, अण्णा," तो म्हणाला. "सोडू तेव्हा."